सध्या कोणत्या गडावर आहात?

वाचकहो, बडनेऱ्याच्या नव्या वस्तीत माझा दवाखाना आहे. साठी ओलांडलेला रुग्ण समोर बसला की भूक, झोप, लघवी, शौच, पायांची सूज हे सारे विचारून झाल्यावर मी आणखी एक प्रश्न विचारतो : ‘‘सध्या वाचायला काय आहे?’’ सोबत आलेल्या मुलाला हा प्रश्न गप्पांपैकी वाटतो. वास्तविक तो तपासणीचाच भाग आहे. तो कसा, हे पुढे सांगेन.

या प्रश्नाचे उत्तर देताना पुष्कळ ज्येष्ठ किंचित ओशाळतात. ग्रामगीता किंवा दासबोध वाचत असतील तर उत्तर चटकन आणि खणखणीत येते. हातात शिवकालीन कादंबरी असली तर मात्र आवाज खाली जातो. ‘‘असंच आपलं, वेळ घालवायला,’’ असे म्हणत शेजारी बसलेल्या मुलाकडे एक चोरटी नजर जाते. सत्तरीनंतर माणसाने घोडदौडी, वेढे आणि भुयारे यांत रमू नये, असा काहीसा अलिखित नियम आपल्या घरांत रूढ झालेला आहे. तो कोणी केला, कोण जाणे. सकाळी ग्रामगीतेचा अध्याय आणि दुपारी गडाची चढाई, या दोहोंत मला तरी विरोध दिसत नाही. मनाला आनंद होतो, एवढे कारण पुरेसे आहे. आम्ही रुग्णाला ‘करमते का’ असे विचारतो, ते याचसाठी.

माझी स्वतःची या वाचनाची गोडी नागपुरात वैद्यकीय शिक्षण घेताना लागली. सीताबर्डीच्या पदपथावर जुनी इंग्रजी पुस्तके मिळत. शरीररचनाशास्त्राच्या जाडजूड ग्रंथाखाली मी ज्या कादंबऱ्या दडवून ठेवी, त्या होत्या अमेरिकेच्या आरंभकाळातल्या : घनदाट अरण्य, सरोवरे, लाकडी किल्ले, इंग्रज आणि फ्रेंच यांच्यातले युद्ध, आणि त्या भूमीचे मूळ रहिवासी. जेम्स फेनिमोर कूपर हा या प्रकारचा आद्य लेखक. त्याची ‘द लास्ट ऑफ द मोहिकन्स’ १८२६ साली प्रसिद्ध झाली. कथा १७५७ सालची आहे. सेनापतीच्या दोन मुलींना वेढा पडलेल्या किल्ल्यापर्यंत रानातून सुखरूप न्यायचे आहे, आणि नायक मोडलेली डहाळी, ओल्या मातीतला ठसा पाहून वाट ओळखतो. कूपरची पात्रे नेमकी धोक्याच्या क्षणीच वाळक्या काटकीवर पाय देतात, अशी थट्टा पुढे मार्क ट्वेन याने केली, ती खरीच आहे. तरी रात्रीचे दोन वाजले तरी पुस्तक खाली ठेववत नसे.

त्या कादंबऱ्यांत एक गोष्ट मात्र सलते. जंगल ज्यांचे होते, त्या लोकांना लेखक एक तर फार उदात्त रंगवतो, नाही तर फार क्रूर. साधी संसारी माणसे म्हणून ती फारशी भेटतच नाहीत. मेळघाटातले कोरकू रुग्ण तपासून परतल्यावर ती पाने पुन्हा चाळली, तेव्हा हे विशेष जाणवले. ज्यांच्यावर दुसऱ्यांनी राज्य केले, अशा देशातल्या वाचकाने अशी पुस्तके जरा तिरक्या नजरेनेच वाचावीत.

हाच रस मराठीत आपल्याला पिढ्यान् पिढ्या मिळत आलेला आहे. हरिभाऊ आपट्यांचे ‘उषःकाल’, नाथमाधवांची ‘स्वराज्याचा श्रीगणेशा’पासून सुरू होणारी कादंबऱ्यांची माळ, गोनीदांची शिवकालीन पंचकडी. तुमच्यापैकी अनेकांनी ही पुस्तके वाचनालयातून आळीपाळीने आणून, पुठ्ठा निखळेपर्यंत वाचली असतील. अरण्याच्या जागी सह्याद्री, लाकडी कोटाच्या जागी बुरूज. परंतु अंधारातून करायची वाटचाल तीच, परक्या माणसावर विश्वास टाकावा की न टाकावा हा पेचही तोच.

यांपैकी नाथमाधवांची हकिकत मला वैद्य म्हणून फार जवळची वाटते. त्यांचे मूळ नाव द्वारकानाथ माधव पितळे, जन्म १८८२ चा. शिकारीचा नाद होता. ऐन तारुण्यात सिंहगडाकडे शिकारीला गेले असता ते कड्यावरून कोसळले आणि कमरेखालचे शरीर लुळे पडले. पुढचे आयुष्य अंथरुणाला जखडलेले. त्या अवस्थेत त्यांनी वाचनाचा आधार घेतला, मग लेखणी हाती धरली, आणि १९२८ मध्ये अवघ्या ४६ व्या वर्षी निधन होईपर्यंत मावळ्यांना, घोडेस्वारांना, गडकोटांना मराठी घराघरांत पोहोचवले. आपण लहानपणी ज्या दौडीत धापा टाकत सामील झालो, ती दौड लिहिणारा माणूस उठून उभाही राहू शकत नव्हता! संधिवाताने गुडघे धरलेल्या, पक्षाघाताने एक बाजू गेलेल्या रुग्णांना मी ही गोष्ट नेहमी सांगतो. सल्ला म्हणून सांगत नाही. गोष्ट म्हणूनच सांगतो. पुष्कळदा ते काही बोलत नाहीत, पण पुढच्या खेपेला नाथमाधवांचे पुस्तक कुठे मिळेल, अशी चौकशी होते.

आपल्या वऱ्हाडाला तर या विषयात दुहेरी मान आहे. गोपाळ नीळकंठ दांडेकर, म्हणजेच गोनीदा, यांचा जन्म आपल्याच परतवाड्याचा, ८ जुलै १९१६ चा. तेराव्या वर्षी स्वातंत्र्यलढ्यासाठी ते घर सोडून निघाले, पुढे गाडगेमहाराजांच्या सहवासात राहिले, आणि नंतर आयुष्यभर किल्ले पायी हिंडले. ‘बया दार उघड’, ‘हर हर महादेव’, ‘दर्याभवानी’, ‘झुंजार माची’ आणि ‘हे तो श्रींची इच्छा’ या पाच कादंबऱ्यांत त्यांनी शिवकाल उभा केला. वाचताना चढणीची दमछाक जाणवते, याचे कारण लेखकाच्या पायांनी ती सोसलेली आहे.

दुसरा मान गाविलगडाचा. परतवाड्यावरून चिखलदऱ्याला चढताना ज्याची आठवण होते, त्या गडाला १८०३ च्या डिसेंबरात इंग्रजांनी वेढा घातला. अडगावची लढाई नोव्हेंबरअखेर झालेली होती. कर्नल स्टीव्हन्सनच्या फौजेने डोंगरांतून वाट काढीत तोफा गडाच्या उत्तरेला ओढून नेल्या. दक्षिणेला आर्थर वेलस्ली होता, जो पुढे वॉटर्लूला नेपोलियनला भारी पडला. १५ डिसेंबरला बाहेरचा कोट फुटला, तरी आतला उभा होता. तेव्हा कॅप्टन कॅम्पबेलच्या तुकडीने तटाला शिड्या लावून आत उड्या घेतल्या आणि दरवाजा उघडला. नागपूरकर भोसल्यांचा किल्लेदार बेनीसिंह लढता लढता पडला. बर्नार्ड कॉर्नवेल या इंग्रज कादंबरीकाराने याच प्रसंगावर ‘शार्प्स फोर्ट्रेस’ ही साहसकथा लिहिली आणि त्या चढाईत आपला काल्पनिक शिपाई शार्प घुसवून दिला. कादंबरी उत्कंठावर्धक आहे, हे कबूल. परंतु लेखक शिडीच्या बाजूने बघतो आणि आपण वऱ्हाडातले वाचक नकळत तटाच्या आत उभे असतो. गड पडणार हे ठाऊक असूनही प्रत्येक वेळी वाटते, यंदा बहुधा टिकेल.

आता दवाखान्याकडे वळतो. पुढील रुग्णाची ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेले आहेत.

हे गृहस्थ रेल्वेतून निवृत्त झालेले, वय ७९. पूर्वी मालगाडीचे गार्ड. मालगाडी आडबाजूच्या रुळावर तासन्‌तास थांबून राही, तेव्हा शेवटच्या डब्यात हातदिव्याच्या उजेडात त्यांनी शेकडो कादंबऱ्या वाचल्या. माझ्या प्रश्नाचे त्यांचे उत्तरच मुळी निराळे असे : ‘‘सध्या राजगडावर हाओ, डाक्टरसाहेब.’’ तेव्हापासून मीही त्यांना ‘सध्या कोणत्या गडावर आहात?’ असेच विचारू लागलो. एकदा त्यांनी नुसतीच मान हलवली. सून म्हणाली, ‘‘मामाजींचं वाचन सुटलं, डॉक्टर. आता वयच झालं म्हणायचं.’’

वाचकहो, ‘वय झाले’ हे निदान नव्हे. वर्षानुवर्षे वाचणारा माणूस वाचायचे थांबतो तेव्हा त्याला कारण असते, आणि बहुतेक वेळा ते शोधता येते. मी डोळ्यांपासून सुरुवात केली. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला, डावाही मार्गावर. अमरावतीला शस्त्रक्रिया झाली, महिना-दीड महिन्याने नवा चष्मा आला. औषधाच्या पाकिटावरची बारीक अक्षरे ते आता घडाघडा वाचू लागले. परंतु कादंबरी मिटलेलीच. वजन तीन किलोने उतरले होते. पहाटे तीनला जाग येई ती कायमची. सुनेला बाहेर बसवून मी त्यांच्याशी निवांत बोललो, तेव्हा ते म्हणाले, ‘‘वाचू तं कोनासाठी? आयकनारी गेली ना.’’

त्यांची पत्नी मागल्या वर्षी वारली होती. बाईंना अक्षरओळख नव्हती. लग्न झाल्यापासून, कामावरून सुटी असेल त्या प्रत्येक दुपारी, ते त्यांना कादंबरी वाचून दाखवीत. घोड्यांची नावे बाईंना पाठ असत. निसर्गवर्णन लांबले आणि यांनी दोन परिच्छेद गाळले की त्या सूप थांबवून म्हणत, मधलं काय गाळलंत? घरात सर्वांना ठाऊक होते की म्हातारा वाचतो. ते दोघे मिळून वाचतात, हे कोणाच्या ध्यानातच आले नव्हते.

त्यांना नैराश्य होते. मी त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले, काही महिने औषध चालले. सुनेला मी एक विनंती केली : दुपारी अर्धा तास त्यांच्यासमोर बसा. ‘‘मला कुठे वेळ, डॉक्टर?’’ हे तिचे उत्तर खरेच होते. घर, मुले, सासरे, सारे तिच्याच अंगावर. मग तडजोड निघाली. तुरीची डाळ निवडायची असेल, भाजी चिरायची असेल, ते काम मामाजींच्या खोलीत करायचे आणि त्यांनी वाचायचे. पहिल्या दिवशी दोन पानांत आवाज फुटला. चौथ्या-पाचव्या दिवशी प्रकरण संपले. दोन महिन्यांनी सून स्वतःचा रक्तदाब तपासायला आली, तेव्हा आग्र्याहून सुटकेचा भाग अर्ध्यावर ठेवून मामाजी झोपी गेले, अशी तक्रार करीत होती. तिचा दाबही त्या वेळी पूर्वीपेक्षा बरा आढळला. यात औषधाचा वाटा किती आणि कादंबरीचा किती, हे मला वेगळे काढता येत नाही, आणि कादंबरी औषधाची जागा घेते असे कोणी समजूही नये.

तेव्हा घरातले वाचन थांबले तर काय पाहावे, ते सांगतो. प्रथम चष्मा आणि मोतीबिंदू. मधुमेह असेल तर साखर चढ-उतार झाल्यानेही अक्षरे धूसर होतात, आणि दृष्टिपटलाची तपासणी वर्षातून एकदा तरी व्हायलाच हवी. एकेक डोळा झाकून दाराच्या चौकटीकडे पाहायला सांगा. सरळ कड वाकडी किंवा लाटेसारखी दिसली तर नेत्रतज्ज्ञांकडे जाण्यात दिवस घालवू नका. सर्दीच्या वा झोपेच्या गोळ्यांनी गुंगी येत असेल, तीही विचारा. थायरॉइड आणि ब-१२ जीवनसत्त्व यांची कमतरता रक्त तपासल्याने कळते. दोन आठवड्यांहून अधिक काळ कशातच मन लागत नसेल तर त्याला हट्ट किंवा आळस म्हणू नका. आणि काल संध्याकाळपर्यंत वाचणाऱ्या माणसाला आज अचानक ओळीचा अर्धा भाग दिसेनासा झाला, अक्षरे दिसून अर्थ लागेना, तोंड वाकडे झाले, हाताची पकड गेली, तर तो पक्षाघात समजून तत्काळ मोठ्या रुग्णालयात न्या. गुठळी विरघळवणारे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येते; ‘सकाळी बघू’ म्हणण्यात ती वेळ निघून जाते.

जे वाचत आहेत त्यांच्यासाठीही थोडे. ऐतिहासिक कादंबऱ्या जाड असतात. छातीवर धरून वाचल्याने मान आणि मनगटे दुखतात. पोथी ठेवायची घडीची लाकडी चौकट घरात असतेच, तिच्यावर ठेवा. पोथीचा अपमान होत नाही! दिवा समोर नको, खांद्यामागून पानावर उजेड पडावा. वाचनापुरता वेगळा चष्मा असला तर उत्तम. दूरचे-जवळचे एकत्र असलेल्या चष्म्याने पडून वाचताना मान ताणली जाते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात कूलरचा झोत थेट तोंडावर घेऊन वाचल्याने डोळे कोरडे पडून चुरचुरतात. कूलर बाजूला वळवा आणि पापण्या मिटत राहा. प्रकरण संपले की उठून खोलीत चार फेऱ्या मारा, पायांना सूज कमी येईल. झोपण्यापूर्वी वेढ्याचे प्रकरण मात्र नको. झोप कमी असलेल्यांनी रात्रीसाठी दरबाराची, मसलतीची पाने राखून ठेवावीत. ती सहसा झोप आणतात.

स्मृतिभ्रंश सुरू झालेल्या माणसाला नवी कादंबरी झेपत नाही, कारण मागचे पान पुढच्या पानापर्यंत टिकत नाही. जुनी, तरुणपणी वाचलेली द्या. कालचे जेवण विसरलेला माणूस अफझलखानाच्या भेटीतली पुढची घटना अचूक सांगतो, असे मी अनेकदा पाहिले आहे. तो चुकला तरी दुरुस्त करू नका. आणि वाचून दाखवायला कंठ गोड असावा लागत नाही. गोनीदांच्या कन्या वीणा देव, जामात विजय देव आणि त्यांच्या कुटुंबीयांनी गोनीदांच्या कादंबऱ्यांच्या अभिवाचनाचे प्रयोग वर्षानुवर्षे केले. तो थोरांचा वारसा. आपल्याला स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून दहा पाने वाचायची आहेत. डोळ्यांनी अजिबात होत नसेल तर मोबाइलवर ध्वनिमुद्रित पुस्तके मिळतात, तीही चालतील. पण मोबाइल मध्येच थांबून ‘मधलं काय गाळलंत?’ असे विचारत नाही.

आमचे गार्डसाहेब आता दर महिन्याला येतात. मध्यंतरी मी त्यांना कूपरच्या नायकाची कथा तोंडी सांगितली. पाच कादंबऱ्यांत पसरलेला हा एकच नायक आहे. पहिल्या पुस्तकात, १८२३ साली, तो सत्तरीच्या घरातला म्हातारा शिकारी म्हणून आला. १८२७ च्या ‘द प्रेअरी’मध्ये ऐंशी ओलांडलेला, नजर आणि हात पूर्वीसारखे राहिले नाहीत म्हणून शिकार सोडून फासे लावून गुजराण करणारा. त्याच पुस्तकाच्या अखेरीस मावळतीकडे तोंड करून, मित्रांच्या आधाराने उठून उभा राहिलेला असताना तो प्राण सोडतो.

‘‘त्या बुढ्याले कायले मारलं जी?’’ गार्डसाहेब खरोखरच रागावले.

मी म्हटले, थांबा. लेखकालाही ते सोसवले नसावे. पुढे १८४१ साली त्याने ‘द डीअरस्लेअर’ लिहिली, तिच्यात तोच नायक विशीतला तरणाबांड, पहिल्या मोहिमेवर निघालेला.

ते थोडा वेळ विचार करीत राहिले. मग काठी उचलून उठता उठता म्हणाले, ‘‘मंग ठीक हाये. आता थेच सांगा पुढच्या खेपेले, पहिल्यापासून.’’